रेडिओ प्रसारणाच्या तांत्रिक बाजूला करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं ट्रान्समीटरच्या खोलीत आणि पुढची काही तांत्रिक प्रमुखाच्या खुर्चीत काढली. नवी मुलंमुली भेटली की तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

प्रसारण अभियंता नेमकं करतो काय?

स्टुडिओत उच्चारलेला शब्द श्रोत्याच्या रेडिओपर्यंत पोहोचेस्तोवर वाटेत जे जे लागतं, ते सगळं सांभाळतो. मायक्रोफोन, कन्सोल, गाणी आणि जाहिराती वेळेवर वाजवणारं ऑटोमेशन, आवाजाचे चढउतार आवळणारा प्रोसेसर, स्टुडिओपासून ट्रान्समीटरपर्यंतचा दुवा म्हणजे एसटीएल, मग ट्रान्समीटर, तिथून अँटेनापर्यंत जाणारी फीडर केबल, टॉवर, अँटेना. ही झाली एक यादी. दुसरी यादी या सगळ्याला जगवणाऱ्या गोष्टींची: वीज, यूपीएस, जनरेटर, एसी, अर्थिंग, लायटनिंग अरेस्टर.

नव्या माणसाला वाटतं, आपला वेळ पहिल्या यादीत जाणार. मला रात्री-अपरात्री आलेले बहुतेक फोन दुसऱ्या यादीतले होते. ट्रान्समीटर स्वतःहून क्वचित मरतो. त्याला उष्णता मारते, ओल मारते, विजेचे झटके मारतात, आणि एकदा तर उबेला म्हणून आत शिरलेल्या उंदराने मारला (उंदीरही वाचला नाही).

म्हणजे साउंड इंजिनिअरचंच काम ना?

नाही. आवाज कसा ऐकू येतोय ही साउंड इंजिनिअरची काळजी, तो ऐकू येतोय की नाही ही आमची. छोट्या केंद्रात दोन्ही कामं एकाच्याच गळ्यात पडतात, आणि ऑफिसातला प्रिंटर अडला तरी हाक त्यालाच जाते.

शिक्षण कोणतं लागतं?

इलेक्ट्रॉनिक्स किंवा टेलिकम्युनिकेशनची पदवी वा पदविका ही सरळ वाट. विद्युत शाखेची माणसंही या कामात उत्तम रुळतात, कारण दुसरी यादी त्यांना आधीच पाठ असते. शिकताना ट्रान्समिशन लाइन, अँटेना, मॉड्युलेशन, पॉवर सप्लाय आणि नेटवर्किंग हे विषय परीक्षेपुरते वाचून सोडू नका.

कॉलेजात अँटेना समीकरणात भेटते. जाड फीडर केबल नीट सोलून तिला कनेक्टर कसा बसवायचा, तो पाण्यापासून वाचेल असा कसा गुंडाळायचा, हे कोणी शिकवत नाही. ते हाताने करूनच येतं. दोन-तीन कनेक्टर वाया घालवावेच लागतात, आणि चांगला वरिष्ठ ते घालवू देतो.

पदवी नसेल तर?

वाट अवघड आहे, बंद नाही. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅम रेडिओचा परवाना काढा आणि स्वतःची अँटेना बांधा. स्वतः कापलेल्या तारेच्या द्विध्रुवाचा (डायपोल अँटेनाचा) एसडब्ल्यूआर, म्हणजे शक्ती किती परत फिरते त्याचं माप, खाली आणताना ज्याने दोन रविवार घालवलेत, त्याला मी मुलाखतीत नेहमीच जास्त वेळ देत आलो. काही देशांत व्यावसायिक संघटनांच्या परीक्षाही असतात. अमेरिकेतली सोसायटी ऑफ ब्रॉडकास्ट इंजिनिअर्स १९६४ पासून आहे आणि तिची प्रमाणपत्रं तिथे नोकरी देताना पाहिली जातात.

गणित कितपत लागतं?

रोजच्या कामाला डेसिबल पुरतात, पण ते तोंडपाठ हवेत. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, १० डेसिबल म्हणजे दहापट. ५ किलोवॉटचा ट्रान्समीटर आहे, फीडर केबलमध्ये १ डेसिबल गळतं, अँटेनाचा लाभ ३ डेसिबल आहे. एकूण २ डेसिबल वर, म्हणजे प्रभावी शक्ती ८ किलोवॉटच्या जरा खाली. हे बोटांवर करता आलं पाहिजे, कारण टॉवरच्या पायथ्याशी वारा सुटलेला असताना कागद काढायची सोय नसते.

दुसरा आकडा व्हीएसडब्ल्यूआर, वर आलेला एसडब्ल्यूआर तोच. अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीतली किती उलटी परत येते, ते यावरून कळतं. तो १.५ असेल तर ४ टक्के परत येते. १० किलोवॉट पाठवलेत तर ४०० वॉट माघारी, आणि बऱ्याच ट्रान्समीटरना तेवढं पचत नाही; ते शक्ती कमी करतात किंवा सरळ बंद होतात.

एफएमच्या पल्ल्याचा हिशेबही असाच डोक्यात ठेवण्यासारखा आहे. अँटेनाच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ घ्या आणि सुमारे ४.१ ने गुणा, रेडिओ क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. १०० मीटर उंचीला साधारण ४१ किलोमीटर. मालक जेव्हा "ट्रान्समीटर मोठा घेऊ" म्हणतो, तेव्हा "आधी अँटेना वर नेता येते का पाहू" असं का म्हणायचं, ते या वर्गमुळात आहे.

रोजचा दिवस कसा असतो?

बराचसा कंटाळवाणा, आणि तसाच असलेला बरा. सकाळी वाचनं घ्यायची: पुढे जाणारी शक्ती, परत येणारी शक्ती, पॉवर ॲम्प्लिफायरचे व्होल्ट आणि अँपिअर, खोलीचं तापमान, यूपीएसच्या बॅटऱ्या. फिल्टर तपासायचे, पंख्यांचा आवाज ऐकायचा, डिझेल बघायचं. आता हे आकडे रिमोटने आपोआप साठवले जातात, तरी आठवड्यातून एकदा हाताने लिहावेत असं माझं ठाम मत आहे. लिहिताना डोळा मागच्या ओळीवर जातो, स्क्रीन बघताना तो तसा जात नाही.

एका पावसाळी महिन्यात आमच्याकडे शिकाऊ असलेल्या मुलीने लॉगबुक माझ्यापुढे आणलं. परतीची शक्ती १८ वॉट होती, ती तीन आठवड्यांत १८, २२, २९, ४१ अशी चढत गेली होती. १० किलोवॉटच्या ट्रान्समीटरला ४१ वॉट म्हणजे काहीच नाही, कुठलाही अलार्म वाजणार नाही. पण ती म्हणाली, "सर, आकडा लहान आहे, पण एकाच बाजूला चाललाय." टॉवरवर माणूस चढवला तर वरच्या कनेक्टरच्या वेष्टनाला चीर गेलेली आणि आत पाणी. आणखी पंधरवडा गेला असता तर तिथे ठिणगी पडून केबलच जळाली असती. एका दुपारच्या कामावर निभावलं.

रात्री-अपरात्री बोलावतात का?

बोलावतात. झोप प्यारी असेल तर आताच विचार करा.

माझी सगळ्यात लाजिरवाणी रात्र सांगतो. पहाटे पावणेतीनला वीज गेली. यूपीएसने भार घेतला, जनरेटर सुरू झाला, छान धडधडत होता, पण भार त्याच्यावर गेलाच नाही. यूपीएस वीस मिनिटं टिकला. मला पोहोचायला पस्तीस लागली. पंधरा मिनिटं केंद्र मुकं. कारण काय निघालं? दर सोमवारी आम्ही जनरेटर चालवून बघायचो, पण मुख्य वीज चालू असताना, रिकामाच. भार जनरेटरवर वळवणाऱ्या चेंजओव्हर पॅनलमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे आपोआप चालणारा मोठा स्विच, कित्येक महिन्यांत हललाच नव्हता. तो जाम झाला होता. लॉगबुकात मात्र दर सोमवारी "जनरेटर ठीक" लिहिलेलं, माझ्याच अक्षरात.

तेव्हापासून चाचणी म्हणजे मेन स्विच खरोखर खाली ओढायचा. कार्यक्रम विभाग ओरडतो. ओरडू द्यावं, पण त्यांना वेळ आधी सांगून ठेवावी.

काम धोक्याचं आहे का?

आहे, आणि हे उत्तर मी आखडतं घेणार नाही.

पहिला धोका उच्च दाबाच्या विजेचा. व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या इलेक्ट्रॉन नळीच्या ट्रान्समीटरमध्ये काही हजार व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ती दबा धरून बसते. दार उघडलं की इंटरलॉक हा सुरक्षा स्विच वीज तोडतो, हे खरं. तरी त्याच्यावर जीव टाकायचा नाही. मेन बंद, त्यावर आपलं कुलूप, किल्ली आपल्याच खिशात, मग डिस्चार्ज रॉड लावायचा आणि काम संपेपर्यंत तो लटकताच ठेवायचा. एकट्याने कधीच नाही. दुसरा माणूस नुसता उभा असला तरी चालेल, पण त्याला मेन कुठे आहे आणि कृत्रिम श्वास कसा द्यायचा हे माहीत हवं. सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या ट्रान्समीटरमध्ये व्होल्ट कमी असतात, त्यामुळे नवी मुलं बेफिकीर होतात. तिथे अँपिअर जास्त असतात. बोटातली अंगठी किंवा मनगटावरचं धातूचं घड्याळ दोन टोकांना टेकलं तर तापून लाल होतं. काढून ठेवा.

दुसरा धोका रेडिओलहरींचा. ७० ते १०० मेगाहर्ट्झच्या आसपास उभ्या माणसाचं शरीर स्वतःच बरीचशी अँटेना बनतं आणि ऊर्जा सगळ्यात जास्त शोषतं. म्हणून एफएमच्या पट्ट्यात मर्यादा सर्वात कडक आहेत. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या मार्गदर्शनानुसार सर्वसामान्य लोकांसाठी दर चौरस मीटरला २ वॉट आणि प्रशिक्षित कामगारांसाठी १० वॉट. चालू अँटेनाजवळ जायचं तर शक्ती कमी करून घ्यायची किंवा बंद करायची. "दोनच मिनिटं लागतील, चालू राहू दे" म्हणणारा वरिष्ठ भेटला तर त्याला नम्रपणे नाही म्हणा.

मध्यमलहरींच्या, म्हणजे एएमच्या केंद्रात आणखी एक सापळा आहे. तिथे टॉवरला अँटेना लावलेली नसते, बहुतेक ठिकाणी टॉवर हाच अँटेना असतो, पायाशी इन्सुलेटरवर उभा. त्याला जमिनीवरून हात लावला की चटका बसतो, आणि हा चटका कातडीखाली खोल जातो.

तिसरा धोका जुन्या सुट्या भागांचा, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. काही जुन्या व्हॉल्व्हमध्ये आणि ट्रान्झिस्टरमध्ये बेरिलियम ऑक्साइडचं सिरॅमिक असतं. अखंड असेपर्यंत निरुपद्रवी. फुटलं, घासलं आणि धूळ छातीत गेली तर फुफ्फुसाचा कायमचा आजार. फुटका भाग झाडूने झाडू नका.

टॉवरवर चढावं लागतं का?

बहुधा नाही. ते काम प्रशिक्षित रिगर, म्हणजे टॉवरवर चढून काम करणारी माणसं करतात. पण कधी चढायचं, कधी नाही, शक्ती किती खाली आणायची आणि वर गेलेल्याने नेमकं काय बघायचं हे अभियंता ठरवतो, त्यामुळे एकदा तरी स्वतः चढून आलेलं बरं.

टॉवरचं काम हे नुसतं नटबोल्टचं काम समजू नये. पोलंडमधला वॉर्सा रेडिओ मास्ट ६४६ मीटर उंच होता, त्या काळी जगातली सर्वात उंच रचना. ८ ऑगस्ट १९९१ रोजी तो कोसळला तो वादळाने नाही. ताणाच्या तारा बदलण्याचं देखभालीचं काम चालू असताना कोसळला.

एएम आणि एफएम, कोणतं काम चांगलं?

नोकऱ्या एफएममध्ये जास्त. शिकायला एएम श्रीमंत.

एफएमला १०० मेगाहर्ट्झच्या आसपास तरंगलांबी ३ मीटर, त्यामुळे अँटेना हाताच्या आवाक्यातल्या असतात. सगळी करामत सिग्नलच्या आत असते: दोन्ही कानांची बेरीज १५ किलोहर्ट्झपर्यंत, १९ वर स्टिरिओची खूण देणारा पायलट, ३८ च्या दोन्ही बाजूंना डावा-उजव्यातला फरक, ५७ वर केंद्राचं नाव आणि मजकूर नेणारा आरडीएस. हे सगळं मिळून कॅरियरला, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीला, ७५ किलोहर्ट्झहून जास्त हलवायचं नाही. १९३३ साली एडविन आर्मस्ट्राँग यांना या पद्धतीची पेटंट मिळाली तेव्हा यातलं स्टिरिओ वगैरे काही नव्हतं. पायाच इतका पक्का होता की वर मजले चढवता आले.

मध्यमलहरींना १००० किलोहर्ट्झवर तरंगलांबी ३०० मीटर, म्हणजे पाव तरंगाचा मास्टच ७५ मीटरचा. त्याच्या पायापासून जमिनीत चहूबाजूंना तांब्याच्या तारा पुरलेल्या, नामांकित केंद्रांत १२०. अँटेनाचा अर्धा भाग मातीत असतो म्हणा ना. कुणी नांगर फिरवला किंवा चोराने तारा उपटून विकल्या की क्षेत्र घसरतं आणि ट्रान्समीटर बिचारा निर्दोष असतो. शिवाय सूर्य मावळला की आयनावरणाचा सर्वात खालचा थर विरतो आणि सिग्नल शेकडो किलोमीटर दूर पोहोचू लागतो. म्हणून काही केंद्रांना रात्री शक्ती कमी करावी लागते किंवा दिशा बदलावी लागते. एका आकड्यात एवढा भूगोल आणि आकाश मावलेलं दुसरं काम मला माहीत नाही.

मला नेटवर्किंग येतं, आरएफ (रेडिओलहरींचं तंत्र) येत नाही. चालेल?

आज तुम्हालाच मागणी जास्त आहे. स्टुडिओतल्या तांब्याच्या जोड्या गेल्या, आवाज इथरनेटवरून धावतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रणा एकमेकींशी बोलाव्यात म्हणून २०१३ मध्ये एईएस६७ हे मानक आलं. ऑफिसच्या नेटवर्कमधून आलेल्या माणसाला इथे दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. एक, घड्याळ: सगळ्या यंत्रांचं घड्याळ पीटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) एकाच तालात हवं, नाहीतर दर काही सेकंदांनी टिक-टिक ऐकू येते आणि माणूस दिवसभर केबल बदलत बसतो. दोन, उशीर झालेलं पॅकेट इथे हरवलेल्याच्या बरोबरीचं असतं. ईमेल अर्ध्या सेकंदाने आली तर कोणाला कळत नाही. बातमीतला शब्द तसा आला तर सगळ्यांना कळतं.

आणि सुरक्षा. फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या काही टीव्ही केंद्रांवर मेलेली माणसं कबरींतून उठत असल्याची आणीबाणीची सूचना प्रसारित झाली. कोणीतरी सूचनायंत्रात इंटरनेटवरून घुसलं होतं. कारखान्यातून आलेले पासवर्ड बदललेलेच नव्हते. तुमच्या एसटीएलच्या कोडेकचा, म्हणजे आवाजाचा डेटा करून पाठवणाऱ्या यंत्राचा, पासवर्ड आज रात्री तपासा.

महिलांना जमेल का?

वर लॉगबुक घेऊन आलेल्या मुलीचं सांगितलं ना. सुरक्षापट्टे आणि बूट तिच्या मापाचे मागवा, एवढी जबाबदारी केंद्राची.

व्यवस्थापनाकडे कधी वळावं? काय बदलतं?

शिफ्ट सांभाळणारा, मग देखभालीचा वरिष्ठ, मग मुख्य अभियंता, आणि अनेक केंद्रं असलेल्या संस्थेत त्यावर तांत्रिक संचालक, अशी साधारण चढण असते. वर्षं मोजू नका. तुम्ही सुट्टीवर असताना केंद्र तुमच्याशिवाय चाललं तर तुम्ही तयार आहात.

मी तयार नव्हतो. पहिले सहा महिने फॉल्ट आला की मीच धावायचो. खुर्ची नवी होती, पण हात पान्यासाठी शिवशिवायचे. केंद्र लवकर चालू व्हायचं, सगळे कौतुक करायचे. मग लक्षात आलं की माझ्या हाताखालच्यांनी विचार करणंच सोडलंय. फॉल्ट आला की ते माझी वाट बघत उभे. त्यानंतरच्या एका बिघाडात मी शेजारी स्टूलवर बसलो आणि फक्त प्रश्न विचारले. माझे दहा मिनिटांचे काम होते, त्यांना पन्नास लागली, सुदैवाने राखीव (स्टँडबाय) ट्रान्समीटरवर कार्यक्रम चालू होता. त्या पन्नास मिनिटांत मी स्टूलची कड किती घट्ट धरली होती ते मलाच माहीत. पुढच्या वेळी त्यांनी मला फोनच केला नाही, सकाळी लॉगबुकात वाचलं.

बाकी बदलतं ते असं: परवान्यातल्या अटी तुमच्या नावावर येतात. एफएमची फ्रिक्वेन्सी २ किलोहर्ट्झहून जास्त सरकू नये, शक्ती मंजूर आकड्यात असावी, टॉवरचे लाल दिवे जळत असावेत. रात्रीच्या बोलावण्याचं वेळापत्रक न्याय्य लावावं लागतं, नाहीतर जो जास्त जाणकार त्यालाच प्रत्येक वेळी उठवलं जातं आणि वर्षभरात तो राजीनामा देतो. सुट्या भागांचा साठा ठरवावा लागतो. इथे नवे व्यवस्थापक महागडं मॉड्यूल घेऊन ठेवतात आणि पंखा विसरतात. मॉड्यूल एखादं गेलं तर ट्रान्समीटर थोड्या कमी शक्तीवर चालत राहतो. पंखा गेला तर सगळाच थांबतो.

आणि लेबलं. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नाव. जुन्या केंद्रात गेलात तर सगळी मांडणी एका ज्येष्ठाच्या डोक्यात असते आणि तो निवृत्त व्हायला आलेला असतो. त्याच्याजवळ वही घेऊन बसा, आजच.

वरिष्ठांकडून पैसे कसे मंजूर करून घ्यायचे?

"जुना झालाय" म्हणू नका. हिशेब मांडा. १० किलोवॉटचा जुना व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर समजा ५५ टक्के कार्यक्षम आहे, तर तो भिंतीतून सुमारे १८ किलोवॉट ओढतो. नवा सॉलिड स्टेट ७० टक्क्यांवर सव्वाचौदा. वर्षाचे ८,७६० तास धरा, फरक ३४ हजार युनिटच्या घरात जातो, आणि वाचलेली उष्णता बाहेर फेकायला एसीला जी वीज लागत होती ती वेगळी. त्याला तुमच्या दराने गुणा आणि व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च शेजारी लिहा. लेखापालाला व्हॉल्व्ह कळत नाही, युनिट कळतं.

अखंडतेचंही तसंच. "९९.९ टक्के हवं" असं बैठकीत सहज म्हटलं जातं. म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद चालेल. आणखी एक ९ जोडला तर जेमतेम ५३ मिनिटं उरतात. त्यासाठी दुसरा ट्रान्समीटर, दुसरा एसटीएल वेगळ्या वाटेने आणि शक्यतो दुसरी अँटेना लागते. कोणता ९ परवडतो ते त्यांना ठरवू द्या, फक्त लेखी ठरवू द्या.

कार्यक्रम विभागाशी भांडणं होतात म्हणे?

एकच भांडण, पण कायमचं: "शेजारच्या केंद्राचा आवाज मोठा, आपला बारीक का?" ७५ किलोहर्ट्झची भिंत दोघांनाही तीच. त्यांनी प्रोसेसर जास्त पिळलाय, एवढंच. पिळला की गाण्यातला श्वास जातो, ढोलकी आणि बासरी एकाच उंचीला येतात, आणि श्रोता कारण न कळता थोड्या वेळाने केंद्र बदलतो. वाद घालू नका. दोन सेटिंग साठवून ठेवा, कोणतं कुठलं ते न सांगता त्यांना गाडीत बसवून तासभर ऐकवा. माझ्याकडे दोनदा त्यांनीच सौम्य सेटिंग निवडलं. तिसऱ्यांदा नाही निवडलं, तेव्हा मी हरलो आणि मोठाच आवाज प्रसारित झाला.

रेडिओच संपणार असेल तर या करिअरला अर्थ काय?

काही गोष्टी संपताहेत, ते लपवत नाही. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचं एफएम बंद करून डीएबीवर, म्हणजे डिजिटल रेडिओवर नेलं. मध्यमलहरींची केंद्रं अनेक देशांत बंद होत आहेत. ट्रान्समीटरजवळ चोवीस तास माणूस बसवण्याचे दिवस तर कधीच गेले. एकच अभियंता आता पाच-सहा ठिकाणं रिमोटवर बघतो. म्हणजे जागा कमी आणि प्रत्येक जागेला लागणारं ज्ञान जास्त.

पण डीएबीलाही ट्रान्समीटर, टॉवर आणि फीडर लागतोच, उलट एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक ट्रान्समीटर चालवायचे तर उपग्रहाच्या घड्याळाने त्यांची वेळ मायक्रोसेकंदात जुळवावी लागते. आणि एका प्रसारणाला हजार जणांनी ऐकलं काय, दहा लाखांनी ऐकलं काय, ट्रान्समीटरवरचा भार तेवढाच राहतो. पूर आला, मोबाइलचे मनोरे बंद पडले, की दोन सेलवर चालणारा रेडिओ लोक पुन्हा शोधतात. अशा दिवशी आमचा जनरेटर चालला पाहिजे. माझी खरी चिंता वेगळी आहे: आरएफ येणारी पिढी निवृत्त होते आहे आणि तिच्याजवळ बसून शिकणारे थोडे आहेत. तुमच्यासाठी ती चांगली बातमी.

मुलाखतीत काय विचारतात?

मी एकच प्रश्न विचारायचो. "कॅरियर आहे, आवाज नाही. कुठून सुरुवात कराल?" जो ट्रान्समीटर उघडायला निघतो तो नापास, कारण कॅरियर आहे म्हणजे ट्रान्समीटरचा मोठा भाग जिवंत आहे. जो म्हणतो "आधी पर्यायी स्रोत लावून कार्यक्रम चालू करतो, मग शोधतो" त्याला मी खुर्ची पुढे सरकवायचो. त्यानंतर साखळीच्या मधोमध कान लावायचा, साधारण एसटीएलच्या तोंडाशी. तिथे आवाज असेल तर दोष पुढे, नसेल तर मागे. अर्धं केंद्र एका फटक्यात निर्दोष ठरतं. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. एक उमेदवार म्हणाला, "सर, आधी स्टुडिओत फोन करून विचारीन, फेडर (कन्सोलवरची आवाजाची सरकती कळ) वर केलाय का?" त्याला तिथेच घेतला.

नोकरीच्या पहिल्या दिवशी काय न्यावं?

डोक्याला बांधायचा टॉर्च, वही, कापडी हातमोजे. लॅपटॉप दुसऱ्या दिवशी न्या. पहिल्या दिवशी सगळं सुरळीत चालू असेल, तेव्हाच ट्रान्समीटरच्या खोलीत अर्धा तास गप्प उभे राहा. पंख्यांचा सूर कोणता, ट्रान्सफॉर्मर किती गुणगुणतो, खोलीला वास कसला येतो, दाराला हात लावला तर किती कोमट लागतं, ते वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहा. मागच्या दाराची किल्ली कुठे टांगलेली असते तेही लिहा. पहाटे ती सापडत नाही.